तिसऱ्या कुकाऱ्याला दिलेली ओ

आधीच सांगून टाकतो... भूत, देवचार, चकवा यांपैकी कुणाशीही माझी ओळख नाही, आणि ती करून घ्यायची हौसही नाही. या सदरात दर महिन्याला कुणाला तरी काहीतरी दिसतं. मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो, ती भाकरी थापता थापता "यास्नी ताप आला असंल" म्हणते, आणि आमची करमणूक होते. आमच्या दिग्गीच्या बाजूला जंगल इतकं गच्च आहे की भुतांना फिरायला वाटच मिळायची नाही, असं माझं पहिल्यापासूनचं मत.

तरी आज मीच कागद घेऊन बसलोय. घरात ही गोष्ट मी एवढ्या वेळा सांगितली आहे की मुलं आता माझ्या पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणतात. नवे श्रोते हवेत, म्हणून तुमच्याकडे आलो.

मी जोयड्याच्या मुलखातला. दिग्गी गाव, डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं, खाली भाताची खाचरं, वर सागवान. बाजारहाटाला बाजारकुणंगला चालत जायचं. चौथीपर्यंत मराठी शिकलो, बोलायला कोकणी आणि कन्नडही येते, आणि इंग्रजी इतपत येतं की साहेब रागावला आहे की खूश आहे ते कळावं. धंदा लाकूड ठोकण्याचा. हसू नका. तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर उलट्या कुऱ्हाडीनं एक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. आतून भरीव असेल तर आवाज लांब चालतो, पोकळ असेल तर जागीच बसतो. माझ्या कानावर डेपोतले ओंडके इकडचे तिकडे व्हायचे. दिसायला मी काही नाही... उंची बेताची, पोट बेताबाहेरचं. पण कान मात्र बापाकडून आलेला.

या कानापायीच मी जावा बेटावर गेलो. लाकडाचा व्यापार करणारा एक इंग्रज साहेब तिकडचा साग पाहायला निघाला होता. तिकडची माणसं पोकळ माल गळ्यात बांधतील अशी त्याला भीती, म्हणून माझा कान त्यानं बरोबर घेतला. कानाबरोबर मी आपोआप गेलो.

आता आमची एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं घरं लांब लांब. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की हातातली काठी कुठं संपते ते दिसत नाही. रानात गेलेल्या माणसाला घर सापडावं म्हणून घरची बाई खळ्याच्या कडेला उभी राहते, तोंडाशी हात धरते आणि "कूऽऽ" करून साद घालते. याला आम्ही कुकारा म्हणतो. प्रत्येक घराचा कुकारा निराळा. आमच्या घरचा, म्हणजे माझ्या आईचा... आम्ही तिला अव्वा म्हणतो... शेवटी वर चढतो आणि तिथंच तुटतो, दोरा दातानं तोडावा तसा. रानातल्यानं आवाजाकडं हात लांब धरायचा, हात हलू द्यायचा नाही आणि त्या हातामागं चालायचं.

पण एक नियम. पहिल्या कुकाऱ्याला ओ द्यायची नाही. दुसऱ्यालाही नाही. कारण चकवासुद्धा घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि माणसाला कड्यावर नेतो. मात्र त्याला तीनदा हाक मारता येत नाही. एकदा मारील, फार तर दोनदा. म्हणून घरची बाई एकाच जागेवरून ओळीनं तीन घालते, आणि रानातला माणूस तिसऱ्यालाच ओ देतो. लहानपणी एकदा घाईनं पहिल्यालाच ओ दिली, तर घरी आल्यावर अव्वानं जेवायच्या आधी मुस्काटात दिली होती. चौथी शिकल्यावर मी हे सगळं हसण्यावारी नेलं. पण सवय राहिली. मुस्काटातली सवय जात नाही.

निघताना अव्वानं मला खळ्यावर गाठलं.

"सोम्या, तिथं रान हाय?"

"हाय की. सागाचंच हाय."

"मग कुकारा ऐकल्याबिगर धुक्यात पाऊल टाकायचं न्हाई."

"अव्वा, मधी समुद्र हाय. बोटीनं पंधरा दिवस लागतात. तुझा कुकारा तिथवर कसा पोचंल?"

"पोचवायचं काम माझं," अव्वा म्हणाली. "ऐकायचं काम तुझं."

मी साहेबाला हे मोडक्या इंग्रजीत सांगून हसवलंसुद्धा. शिकलेला माणूस ना मी.

लोंढ्याला रेल्वे, मद्रासहून बोट, सिंगापूर, मग जावा. तिथले ओंडके ठोकले. साहेबाची भीती खरी होती, आणि माझ्या कानानं तिसरा हिस्सा माल बाजूला काढला. साहेब खूश. माल विकणारा डच व्यापारी नाराज, पण वरून गोड. जाता जाता त्यानं साहेबाला एक मजा भेट दिली... विमानाची सफर.

तिकडं जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या समुद्रात एक जळतं बेट आहे. मागं कधीतरी तिथला मोठा डोंगर फुटून समुद्रात गेला. भोवती त्याचे कडे उरले, पडलेल्या घराच्या भिंतींसारखे. आणि त्यांच्यामधून आता नवा डोंगर वर आला होता. काळा, लहान, आणि दर थोड्या वेळानं धूर आणि दगड ओकणारा. हौशी लोकांना विमानात बसवून त्या बेटावरून फिरवून आणायची तिकडं सोय होती. माणसं आपण होऊन तिकीट काढून आगीवरून फिरायला जात. आमच्याकडं वणवा लागला की आम्ही उलट्या दिशेनं पळतो.

मी जाणारच नव्हतो. पण आदल्या दिवशी साहेबानं समुद्रातली कसलीशी शिंपली खाल्ली आणि सकाळपासून तो परसाकडं ये-जा करू लागला. दुपारपर्यंत त्याचा चेहरा केळीच्या पिकल्या पानासारखा झाला. "तू जा," तो म्हणाला, "सीट रिकामी नको, व्यापाऱ्याला वाईट वाटेल." व्यापाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी मरायचं, असा तो हिशेब. मी साहेबाची टोपी डोक्यावर घातली... ती कानापर्यंत खाली आली... आणि गेलो.

विमान पाण्यावर बसलेलं. बदकासारखं पोट, वर पंख, पंखांवर इंजिन. मागं एक डच जोडपं, नवरा किडकिडीत आणि मडम भरभक्कम. पुढं पायलट आणि त्याच्या शेजारी मी. पायलटनं प्रत्येकाला कापसाचे बोळे दिले, कानात घालायला. इंजिन सुरू झालं तेव्हा कशाला दिले ते कळलं. डेपोतली वाफेची करवत मी ऐकली आहे, पण ही करवत डोक्याच्या आत चालत होती. शेजाऱ्याशी बोलायचं तर कागदावर लिहून दाखवायचं. हे मुद्दाम सांगतो, लक्षात ठेवा.

वर गेल्यावर भीती गेली आणि बढाई आली. जोयड्याच्या मुलखातला आकाशात गेलेला पहिला माणूस मी. खाली समुद्र तव्यासारखा, आणि त्यात ते बेट. डोंगराच्या तोंडातून लाल उकळी दिसत होती, गुऱ्हाळातल्या काहिलीसारखी. एक दगड वर उडाला, थांबला, आणि हळूच खाली आला. मी टोपी काढून हातात धरली. का, ते माहीत नाही. देवळात शिरल्यासारखं वाटलं.

एक फेरी झाली. मडमनं पायलटच्या खांद्यावर टिचकी मारली आणि बोटानं खाली दाखवलं... अजून खालून. पायलट तरुण होता. तो हसला आणि खालून निघाला.

तेवढ्यात डोंगर ओकला.

आवाज आला नाही, कानात कापूस आणि डोक्यात इंजिन. फक्त उजेड गेला. समोरच्या काचेवर राख अशी आली, जशी कुणी पिठाची चाळण झटकावी. पाच मोजेपर्यंत चारी बाजूंनी करडं-काळं झालं. आत वास... दिवाळीच्या फटाक्यांचा, नाकात झोंबणारा. विमान वर उचललं जायचं आणि आपटायचं. पायलट कंपासच्या काचेवर बोटानं टकटक करत होता, आणि आतली सुई सुगीतल्या सुपासारखी डोलत होती. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. ती नजर मी ओळखली. धुक्यात वाट चुकलेल्या माणसाची नजर सगळीकडं सारखीच असते. डोंगराचं तोंड कुठं, ते जुने कडे कुठं, मोकळा समुद्र कुठं... त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

आणि मला कुकारा ऐकू आला.

डावीकडून. "कूऽऽ"... वर चढला आणि तुटला. अव्वाचा. कापसातून, इंजिनातून, स्वच्छ. खळ्यावरून यावा तसा.

माझा हात आपोआप डावीकडं उचलला गेला. ओ ओठांपर्यंत आली. आणि तिथं... काय सांगू... गालावर ती जुनी चपराक बसल्यासारखी झाली. मी हात खाली घेतला आणि दुसऱ्या कुकाऱ्याची वाट पाहत बसलो.

आता विचार करा. विमान धुरात भेलकांडतंय, मागं मडम हात जोडून बसलीय, पुढं कड्यावर आपटायचं की उकळीत पडायचं एवढंच ठरायचंय, आणि दिग्गीचा एक लाकूडठोक्या हाकांची गणती करत बसलाय. याहून मोठा मूर्ख त्या वेळी आकाशात दुसरा नसेल. डावीकडून पुन्हा काही आलं नाही. मी मनात म्हटलं, सोम्या, होती ती वाट गेली. नियमापायी मेलास.

मग उजवीकडून आला. "कूऽऽ"... वर चढून तुटला.

एक.

पुन्हा उजवीकडून. दोन. पायलटचे ओठ हलत होते, तो बहुधा प्रार्थना म्हणत होता.

तीन.

मी छाती फुटेस्तोवर ओ दिली. "ओऽऽ!" आणि उजवा हात लांब केला, बोटं जुळवून, जसा रानात धरतात तसा, आणि तो हलू दिला नाही. दुसऱ्या हातानं पायलटचा दंड धरला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या हाताकडं पाहिलं. त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. त्यानं विमान माझ्या हाताकडं वळवलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक पान लावून खायला लागतो तेवढा असेल. मग करडं पांढरं झालं, पांढऱ्याचं निळं झालं, आणि आम्ही उन्हात बाहेर पडलो. खाली समुद्र, नुसता समुद्र, मोकळा, चकचकीत. मागच्या किडकिडीत डचानं माझी मान मागून धरली आणि टाळूचा मुका घेतला. मी मान वळवून मागं पाहिलं. वाऱ्यानं धूर जरा सरकला होता. आम्ही आलो त्याच्या डाव्या हाताला तो जुना कडा उभा होता, सरळ, काळा, देवळाच्या भिंतीसारखा. पहिल्या कुकाऱ्याकडं वळलो असतो तर त्याच्यातच शिरलो असतो.

पाण्यावर उतरल्यावर पायलटनं टोपी काढली आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढं मान झुकवली. धक्क्यावरच्या लोकांना त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ते टाळ्या वाजवू लागले. मग त्यानं इंग्रजीत विचारलं, तुला वाट कशी कळली? मी छाती पुढं काढली आणि माझ्याजवळ होतं तेवढं इंग्रजी खर्च केलं. "माय मदर."

त्यानं बराच वेळ मान हलवली. त्याला काय कळलं देव जाणे. मडमनं मला आपल्या गळ्यातला रुमाल दिला. साहेब मात्र रागावला. त्याच्या सीटवरचा पराक्रम दुसऱ्यानं केला म्हणून त्याला पुन्हा परसाकडं लागली.

घरी आलो तो शिमगा पंधरा दिवसांवर होता. सगळं गाव आमच्या खळ्यावर. मी ठरवलं होतं, कुकाऱ्याची गोष्ट काढायची नाही. लोक म्हणतील, परदेशी जाऊन आला आणि गावंढळच राहिला. विमानाची तेवढी सांगू. मी पाय पसरून सुरुवात केली. बेट, उकळी, आग, विमान.

गावचे बुधवंत, म्हणजे आमचे गावप्रमुख, पान चघळत ऐकत होते. "सोमा, समुद्रात जाळ म्हणतोस?"

"व्हय."

"पाण्यात?"

"पाण्यातनं वर आलेल्या डोंगरात."

"बरं," बुधवंत म्हणाले. "आनि तू इमानात बसून त्या जाळावरनं गेलास?"

"गेलो."

"पोट घेऊन?"

सगळं गाव हसलं. त्या रात्री एकानंही विमानावर विश्वास ठेवला नाही, आणि आजही कुणी ठेवत नाही. मडमचा रुमाल दाखवला तर म्हणाले, लोंढ्याच्या बाजारात मिळतो.

अव्वा एका बाजूला सुपात तांदूळ घोळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिसऱ्यालाच ओ दिलीस ते बरं केलंस."

मी पसरलेले पाय जवळ घेतले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सांगितलं माझ्या बायकोनं. ती माझं कौतुक कधी करत नाही, म्हणून तिचं म्हणणं मी खरं धरतो. पौषातल्या अमावास्येच्या आधीचा सोमवार. दुपार कलली होती, बुधवंतांची म्हैस पाण्यातून बाहेर यायची वेळ. आभाळ स्वच्छ. घरात अचानक चुलीचा धूर कोंडला. जळण सागाचं, आणि वास फटाक्यांचा. दोघी खोकत बाहेर आल्या. अव्वा सरळ खळ्याच्या कडेला गेली आणि कुकारा घातला.

दिवसाउजेडी, रानात कुणी नसताना कुकारा घालणं आमच्याकडं वाईट. चकव्याला बोलावल्यासारखं. बुधवंत धावत आले, चार लोकांसमोर अव्वाला बोलले, म्हातारीला भ्रम झाला म्हणून गावभर झालं. पोरीबाळींनी तिच्या हातचं पाणी घ्यायचं टाळलं. ती वाट बघत राहिली.

"आनि ओ?" मी बायकोला विचारलं. "ओ ऐकलीस तू?"

"ऐकली की. वरनं आली. मी आभाळात बघितलं, तर कायबी न्हाई."

"माझीच कशावरनं?"

"तुमचा आवाज मला कळत न्हाई व्हय?" बायको म्हणाली. "घसा बसलेल्या रेड्यागत."

बुधवंतांनी पान थुंकलं. विमानात बसलो तो सोमवार मी साहेबाच्या डायरीत आधीच पाहिला होता, आणि तिथली वेळ आपल्याहून किती पुढं असते तेही बोटीवर विचारून ठेवलं होतं. जुळत होतं. बुधवंतांना डायरी नको होती. विमान त्यांना पटलं नव्हतं, पण कुकारा लागलीच पटला. त्यात न पटण्यासारखं त्यांना काही दिसेना. ते उठले, अव्वापुढं गेले आणि म्हणाले, "वयनी, माझं चुकलं." गावासमोर. माझी अव्वा तांदूळ घोळत राहिली. पण सूप असं काही नाचत होतं की मला धक्क्यावरच्या टाळ्या आठवल्या.

सगळे गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. "अव्वा, पैला डावीकडनं का घातलास? मी चुकलो असतो."

सूप थांबलं.

"किती ऐकलेस?"

"चार. एक डावीकडनं, मग तीन उजवीकडनं."

"मी तीनच घातले."

"तीनच," आतून बायको म्हणाली. "मी तिथंच हुते. मोजलेत."

अव्वानं मूठभर तांदूळ उचलले, खळ्याच्या कडेला जाऊन डाव्या हातानं रानाकडं टाकले आणि परत येऊन कामाला लागली.

मी आयुष्यभर आवाजावर भाकरी खाल्ली. भरीव आणि पोकळ मला झोपेत कळतं. तो पहिला कुकारा मी मनात शेकडो वेळा ऐकून पाहिला आहे. तो पोकळ नव्हता. हुबेहूब अव्वाचा होता, शेवटचा तुटलेला दोरासुद्धा. तो कुणी घातला, आणि बाकीचे तीन एवढा समुद्र ओलांडून कसे आले, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. शिकलेल्या लोकांना विचारलं, ते म्हणाले, भीतीनं भास होतात. असतील. पण बायकोला कसली भीती होती? ती मला घाबरत नाही, आकाशाला कशाला घाबरेल? अव्वाला विचारलं की ती एवढंच म्हणते, "पोचला न्हवं?"

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुधवंत पुन्हा आले. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेलेला, वर्षभर पत्र नाही. खळ्याच्या कडेला उभे राहून त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं, आणि खाली बघत म्हणाले,

"वयनी, आमच्या बाबल्यासाठी एक घालशील?"

अव्वानं पदर खोचला, तोंडाशी हात नेला.

"एक न्हाई घालत," ती म्हणाली. "तीन घालतात."